घर राखणाऱ्या संगणकाची वंशावळ

१८५३ हे साल मराठी वाचकाला बोरीबंदरहून ठाण्याला धावलेल्या आगगाडीमुळे ठाऊक असते. ती गाडी एप्रिलमध्ये धावली. त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने एका विजेरी उपकरणाचे पेटंट मिळवले, त्याची आठवण मात्र आता कोणी काढत नाही. पोपची युक्ती साधी होती. दारे-खिडक्यांना तारा जोडायच्या, त्या बॅटरीला आणि चुंबकाला न्यायच्या. दार उघडले की विजेचे मंडल पूर्ण होई आणि घंटा वाजू लागे. १८५७ साली हे हक्क एडविन होम्सने विकत घेतले आणि पोपच्या कल्पनेचा धंदा उभा केला. होम्सच्या तारा पुढे बोस्टन शहरात इतक्या पसरल्या की, १८७७ मध्ये तेथे टेलिफोनच्या पहिल्यावहिल्या जोडण्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांतील काही याच चोरघंटेच्या तारांवरून दिल्या गेल्या. घर राखण्यासाठी टाकलेल्या तारेवरून माणसे बोलू लागली. पुढच्या दीडशे वर्षांत उलट्या दिशेचा प्रवासही आपल्याला अनेकदा दिसेल: करमणुकीसाठी, दूरचित्रवाणीसाठी, कधी तर केवळ कॉफीसाठी बनलेली यंत्रे राखणदारीच्या कामी लागली.

हा सारा मागोवा घेण्याचे कारण अगदी आजचे आहे. घराभोवती चार-सहा कॅमेरे लावायचे ठरले की त्यांचे चित्रण सांभाळायला संगणक कोणता घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो. दुकानात त्याचे उत्तर कोअर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत मिळते, आणि बहुधा गरजेपेक्षा महाग मिळते. आपल्या गावगाड्यात रात्रीच्या राखणीला जागल्या असे. त्याची कामे तीन: डोळे उघडे ठेवायचे, काय दिसले ते ध्यानात ठेवायचे, आणि कोणत्या आवाजाला गाव उठवायचा, कोणत्या आवाजाकडे दुर्लक्ष करायचे हे ठरवायचे. ही तिन्ही कामे यंत्राकडे एकाच वेळी गेली नाहीत. पाहणे आधी गेले, आठवण नंतर, आणि निवड तर आत्ता कोठे जाते आहे. प्रत्येक वेळी काय घडले हे पाहिले, तर दुकानातल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

पाहण्याच्या कामाची सुरुवात घरापासून फार दूर झाली. ल्येव तेर्मेन हा रशियन संशोधक आज हात न लावता वाजवायच्या थेरेमिन या वाद्यामुळे ओळखला जातो. त्याने १९२७ च्या सुमारास आरशांच्या फिरत्या पिंपावर चालणारे दूरदर्शन-यंत्र बनवले होते, आणि क्रेमलिनच्या आवारात येणारे-जाणारे पाहण्यासाठी ते लष्करी अधिकाऱ्यांना दाखवले गेले असे सांगितले जाते. यंत्र गुप्त राहिले आणि त्यातून पुढे काही निघाले नाही. निश्चित नोंद सापडते ती १९४२ ची. बाल्टिक समुद्राच्या काठी पेनेम्युंडे येथे जर्मन सैन्याच्या व्ही-२ अग्निबाणांच्या चाचण्या चालू होत्या. उड्डाणस्थळाजवळ उभे राहणे जिवावर बेतणारे होते, म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने तेथे कॅमेरे लावले आणि दूरच्या सुरक्षित खोलीत पडदे ठेवले. बंद मंडलातील दूरचित्रवाणीचा, म्हणजे सीसीटीव्हीचा, आरंभ सामान्यतः येथून मोजतात. चोर पकडणे हा त्याचा हेतूच नव्हता. माणसाचा डोळा धोक्यापासून लांब ठेवायचा होता. हाच ब्रुख पुढे रंगीत दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीचा जनक ठरला. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झाले ते याच पद्धतीने, आणि नंतर आपल्या दुकानांतून बसलेले कॅमेरेही बराच काळ पालच्याच हिशेबाने सेकंदाला २५ चित्रे पाठवत राहिले. युद्ध संपल्यावर १९४९ मध्ये अमेरिकेत व्हेरिकॉन या नावाने अशी व्यवस्था बाजारात आली. तिला आठवण नव्हती. पडद्यासमोर माणूस बसला तरच राखण, तो उठला की संपली.

आठवणीच्या इतिहासात १९५६ हे वर्ष विलक्षण आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये शिकागोच्या एका अधिवेशनात अँपेक्स कंपनीने चित्रफितीवर दूरचित्रवाणीचे चित्र साठवणारे पहिले व्यवहार्य यंत्र दाखवले. चार्ल्स गिन्सबर्गच्या हाताखाली ते घडवणाऱ्या चमूत रे डॉल्बी हा तरुणही होता. चित्रपटगृहात ज्याचे आडनाव आपण आजही वाचतो, तोच. चित्राचा संकेत फितीवर उतरवायचा तर फीत भयानक वेगाने पळवावी लागे. अँपेक्सने फीत सावकाश ठेवली आणि चार चुंबकी शीर्षे बसवलेले पिंप मिनिटाला चौदा हजारांहून अधिक फेऱ्यांनी फिरवले. दोन इंच रुंदीची फीत आणि सुमारे पन्नास हजार डॉलर किंमत असलेले ते यंत्र घरात येण्याची कल्पनाही कोणी केली नसेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयबीएमने रामॅक हा संगणक जाहीर केला. त्यात जगातील पहिली हार्ड डिस्क होती: चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनभर, आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची. आजच्या एका साध्या कॅमेऱ्याचे चित्रण त्या टनभर लोखंडात साडेसात सेकंद मावले असते. फीत आणि तबकडी अशा दोन्ही आठवणी एकाच वर्षी जन्मल्या, पण राखणदारीच्या घरात थोरली आधी नांदली आणि धाकटीला चाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

मधल्या काळात फिल्मनेही आपला वाटा उचलला. एप्रिल १९५७ मध्ये क्लीव्हलंड शहरातील सेंट क्लेअर सेव्हिंग्ज अँड लोन या पेढीवर दरोडा पडला, तेव्हा तेथे नुकताच बसवलेला फिल्म कॅमेरा चालू होता. ती चित्रे वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर झळकली आणि दरोडेखोर लगोलग हाती लागले. घडलेली गोष्ट नंतर दाखवता येते, एवढ्यानेच तपासाची रीत बदलते हे पोलिसांना तेव्हा कळले.

घरापर्यंत ही वाट आणली ती एका परिचारिकेने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांच्या कामाच्या वेळा अडनिड्या होत्या, पती अल्बर्टही अनेकदा रात्री बाहेर असत, आणि वस्तीत गुन्हे वाढलेले असताना पोलीस वेळेवर पोचतील याचा भरवसा नव्हता. अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते. दोघांनी १ ऑगस्ट १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले. दारावर वेगवेगळ्या उंचीची चार भोके, त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, झोपण्याच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, बसल्या जागी दार उघडण्याची कळ आणि मदत बोलावण्याची दुसरी. उंच माणूस, बुटका माणूस, मूल असे कोणीही आले तरी चेहरा दिसावा म्हणून ती चार भोके! आज मोबाइलवर चालणाऱ्या दारघंटेच्या जाहिरातीत यापलीकडचे फारसे काही नसते, आणि तरी त्या जाहिरातींत ब्राउन दांपत्याचे नाव क्वचितच असते. त्यांच्या व्यवस्थेत संगणक कोठेच नव्हता. गंमत अशी की चित्राचे अंकांत रूपांतर जिच्यामुळे शक्य झाले त्या सीसीडी नावाच्या चकतीची कल्पना विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना बेल प्रयोगशाळेत सुचली तीही १९६९ च्याच ऑक्टोबरात. त्यांना नोबेल मिळायला २००९ उजाडले.

१९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसीने व्हीएचएस बाजारात आणले आणि फितीची आठवण सामान्य दुकानदाराच्या आवाक्यात आली. पण १८० मिनिटांच्या कॅसेटवर चोवीस तास कसे बसवायचे? उत्तर म्हणून फीत थांबत-थांबत सरकवणारे टाइम-लॅप्स व्हीसीआर निघाले. तीन तासांची फीत चोवीस तासांवर ताणली की चित्रांची संख्या एक अष्टमांश होते. त्यात सोळा कॅमेऱ्यांची चित्रे आळीपाळीने एकाच फितीवर उतरवणारा मल्टिप्लेक्सर जोडला, तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला काही सेकंदांतून एकच चित्र येई. तेवढ्यात माणूस दारातून आत जाऊन दिसेनासाही होतो. शिवाय त्याच कॅसेटी पुन:पुन्हा वापरून झिजत, रोज कोणीतरी कॅसेट बदलावी लागे, आणि ज्या दिवशी चोरी होई त्या दिवशी नेमकी ती बदललेली नसे. तरीही ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९९३ मध्ये बूटल येथील बाजारसंकुलातून दोन वर्षांच्या जेम्स बल्जरला दोन मुलगे हाताला धरून नेत असल्याचे धूसर चित्र देशभर दाखवले गेले, तेव्हापासून तिथल्या शहरांत कॅमेऱ्यांना विरोध करणे अवघड झाले. त्या चित्राने मूल वाचले नव्हते. पण आठवणीची किंमत लोकांना पटली होती.

फितीची सद्दी संपवणारे गणित एव्हाना वीस वर्षांचे झाले होते, आणि त्याचे एक टोक बंगळुरूला पोचते. तेथे जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्रातील माहिती आवळण्यासाठी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही पद्धत त्यांना सुचली आणि १९७२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे संशोधनासाठी पैसे मागितले. प्रस्ताव नाकारला गेला. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेपेग, एमपेग, २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एच.२६५ ही सारी मंडळी त्याच घराण्यातली. याचे महत्त्व आकड्यांत पाहू. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रांचे चित्रण न आवळता साठवले, तर प्रत्येक सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट लागतात. एच.२६४ ते अर्ध्या मेगाबाइटवर आणते, म्हणजे तीनशेपट कमी. हे गणित नसते तर घरात कॅमेऱ्यांची हार्ड डिस्क ठेवण्याऐवजी हार्ड डिस्कांची खोली ठेवावी लागली असती.

संगणकाने कॅमेऱ्याशी पहिली सोयरीक केली ती मात्र चोराचिलटाच्या भीतीने नव्हे. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे एकच यंत्र होते. वरच्या मजल्यांवरचे संशोधक जिने उतरून येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी रसायनशाळेतल्या लोखंडी स्टँडवर एक कॅमेरा अडकवला, वायर फरशीखालून नेली आणि एकॉर्न आर्किमिडीज संगणकातील चित्रग्राहक कार्डाला जोडली. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचे राखाडी चित्र मिनिटाला साधारण तीनदा बदलत असे, आणि कॉफी काही दर सेकंदाला वाढत-घटत नसल्याने तेवढे पुरे होते. नोव्हेंबर १९९३ मध्ये हे चित्र वेबवर आले आणि जगभरचे लोक केंब्रिजची कॉफी पाहू लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. घरच्या साध्या संगणकाने कॅमेरा सांभाळण्याच्या परंपरेचा मूळ पुरुष शोधायचा, तर मी या आर्किमिडीजचेच नाव घेईन. कारण त्यामागे योग्य प्रश्न होता: मला नेमके काय पाहायचे आहे आणि त्यासाठी किती चित्रे पुरतील?

१९९६ मध्ये स्वीडनच्या लुंड गावातील ॲक्सिस कंपनीने नेटआय २०० हा कॅमेरा काढला. त्याच्या पोटात स्वतःचा छोटा संगणक होता आणि तो थेट नेटवर्कच्या तारेला जोडता येई. मोठे चित्र पाठवायला त्याला सतरा सेकंद लागत, त्यामुळे बाजारात त्याची थट्टाही झाली. पण चित्र आवळण्याचे जड काम कॅमेऱ्यानेच करायचे, ही दिशा त्याने ठरवून दिली. १९९८ मध्ये अशा चित्रप्रवाहाची मागणी कशी करावी याची आरटीएसपी ही रीत ठरली, आणि २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ऑनव्हिफ ही संस्था स्थापून एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलेल असे केले. घरमालकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हे साल मला सीसीडीच्या सालाइतकेच मोलाचे वाटते.

तोवर हौशी लोकांची वाट निराळीच होती. नव्वदीच्या अखेरीस ब्रूकट्री कंपनीच्या बीटी८४८ आणि बीटी८७८ या चिपांवर टीव्ही ट्यूनर कार्डे निघाली. आपल्याकडेही २००० च्या आसपास घरच्या संगणकावर केबल टीव्ही पाहण्यासाठी ती हौसेने घेतली जात. तेच कार्ड कॅमेऱ्याचे चित्र संगणकात आणू शकते हे लोकांच्या ध्यानात आले, लिनक्समध्ये त्यासाठी सोय झाली, आणि फिलिप कूम्ब्स नावाच्या प्रोग्रामरच्या गॅरेजमधून विजेवर चालणारी हत्यारे चोरीला गेल्यावर त्याने झोनमाइंडर हा प्रोग्राम लिहिला. २००२ पासून तो सर्वांना मोफत खुला आहे. त्या काळी कार्डाकडून येणारे कच्चे चित्र आवळायचे, साठवायचे आणि एका चित्रातून दुसरे वजा करून हालचाल ओळखायची, हे सारे काम एकटा प्रोसेसर करी. चार कॅमेऱ्यांनाच यंत्र धापा टाकू लागे. ‘कॅमेऱ्यांसाठी तगडा संगणक हवा’ हा समज मुख्यतः त्या दिवसांचा वारसा आहे, आणि तेव्हा तो खराही होता.

दुकानदारांनी आणि सोसायट्यांनी ही खटपट केली नाही. त्यांच्यासाठी डीव्हीआरचे डबे आले: आत लिनक्स, एकच खास चिप, एक हार्ड डिस्क आणि मागे बीएनसी कनेक्टरांची रांग. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आजही चार कॅमेरे, डीव्हीआर, त्यांना वीज देणारा एसएमपीएस आणि वायरची गुंडाळी असा संच एकगठ्ठा मिळतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत शहरभर कॅमेऱ्यांचे जाळे विणायचे ठरले, ते २०१६ मध्ये पूर्ण झाले, आणि मधल्या वर्षांत कॅमेरा ही चैनीची वस्तू राहिली नाही. डब्याचा गुण म्हणजे तो मुकाट्याने चालतो. दोषही तोच: त्याच्या आत काय चालले आहे हे मालकाला कळत नाही. २०१६ च्या शरदात मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन जगभरच्या अशा डब्यांची आणि कॅमेऱ्यांची दारे उघडली. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते पुरवणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अमेरिकेत तासन् तास मिळेनाशी झाली. घर राखायला ठेवलेली यंत्रे परक्याच्या हुकमाने दरोड्याला निघाली होती. भारत सरकारने एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणी सक्तीची केली आणि ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली. दरम्यान क्लाउडवाल्यांनी संगणकाचा प्रश्नच मिटवू पाहिला. ड्रॉपकॅम २०१४ मध्ये गुगलच्या नेस्टने घेतली, रिंग २०१८ मध्ये ॲमेझॉनने. दरमहा पैसे भरा, चित्रण आमच्याकडे ठेवा. ज्यांना ही सोय भावली नाही त्यांनी संगणक पुन्हा घरात आणला.

आणि परत आलेल्या संगणकाचे काम पार बदलले होते. कॅमेरे आता चित्र आवळूनच पाठवतात. आठ कॅमेऱ्यांचे मिळून सेकंदाला चार मेगाबाइट होतात. ते नुसते डिस्कवर उतरवणे कोणत्याही जुन्या यंत्राला खेळ आहे. कष्ट पडतात ते आवळलेले चित्र पुन्हा उलगडून पाहताना, कारण उलगडल्याखेरीज त्यात माणूस आहे की मांजर, हे कळत नाही. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने प्रोसेसरच्या कोपऱ्यातच क्विक सिंक नावाचा उलगडणारा भाग बसवला. लोकांनी तो चित्रपट पाहण्यासाठी वापरला. राखणदारीच्या वंशावळीत त्याची जागा फार वर आहे. २०१५ च्या सहाव्या पिढीपासून त्याला एच.२६५सुद्धा उलगडता येऊ लागले.

उरली होती निवड. चित्रांच्या वजाबाकीने हालचाल कळते, पण आपल्याकडच्या आषाढात अंगणातला माड रात्रभर हलतो, पावसाची प्रत्येक सर ही घुसखोरी ठरते, आणि रात्रीच्या अवरक्त दिव्यांकडे झेपावणारा पतंग चोराहून मोठा दिसतो. शंभर खोट्या सूचनांनंतर मालक मोबाइलचा आवाज बंद करतो, मग खरी सूचनाही ऐकू येत नाही. २०१५ मध्ये जोसेफ रेडमन आणि सहकाऱ्यांनी योलो ही वस्तू ओळखण्याची झपाट्याची पद्धत मांडली आणि चित्रातील माणूस, मोटार, कुत्रा वेगळे काढणे सामान्य यंत्राच्या आवाक्यात आले. त्याच रेडमनने फेब्रुवारी २०२० मध्ये, आपल्या कामाचा लष्करी उपयोग आणि खासगीपणावरचे आक्रमण पाहून, या क्षेत्रातील संशोधन थांबवल्याचे जाहीर केले. घराच्या दाराशी ही विद्या वापरताना तिच्या एका जनकाने हात का काढून घेतला, हे ठाऊक असलेले बरे. २०१९ मध्ये गुगलने कोरल नावाचा काडीएवढा गणक काढला, दोन-एक वॉट विजेवर ओळखीचे सारे गणित करणारा, आणि ब्लेक ब्लॅकशियर यांच्या फ्रिगेट या मोफत प्रोग्रामने तो घरोघरच्या हौशी मंडळींत रुजवला.

आठवण किती काळाची हवी, यावर न्यायालयांनीही बोट ठेवले आहे. २ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे ब्राउन यांच्या पेटंटला बरोबर ५१ वर्षे होत असताना, सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतील चित्रण अठरा महिने, आणि ते जमत नसेल तर निदान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. सेकंदाला अर्धा मेगाबाइट या हिशेबाने एकाच कॅमेऱ्याचे अठरा महिने म्हणजे सुमारे २४ टेराबाइट. घराला इतके नको. पण चोरी उघडकीला येण्याआधी पंधरा-वीस दिवस जाऊ शकतात, हे गावी जाऊन कुलूप लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून चाललेल्या खटल्यात, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाच्या सीडींवरून, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागते हे न्यायालयाने पक्के केले. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात हजर केले तर मात्र ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइलची अंकमुद्राही द्यावी लागते. युरोपात तर डिसेंबर २०१४ मध्येच, घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही, असा निकाल एका चेक घरमालकाच्या प्रकरणात लागला. आपला २०२३ चा विदा संरक्षण कायदा घरगुती वापराला वगळतो. तरी शेजाऱ्याची खिडकी चौकटीत येऊ नये एवढे पाहायला कायदा कशाला हवा?

या सगळ्या वाटेवर एक गोष्ट पुन:पुन्हा घडली. जड काम प्रत्येक वेळी मुख्य यंत्राच्या हातून निघाले आणि त्याच कामासाठी घडवलेल्या लहानशा भागाकडे गेले: अँपेक्सचे फिरते पिंप, डीव्हीआरची चिप, कॅमेऱ्यातील आवळणारा भाग, क्विक सिंक, कोरल. म्हणून आज संगणक निवडताना कोअर मोजण्यापेक्षा तो लहान भाग आहे का, हे पाहावे. माझे मत स्पष्ट आहे. सहा-आठ कॅमेऱ्यांच्या घराला खेळांसाठीचा संगणक आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नको. इंटेलचा २०२३ चा एन१०० किंवा त्याच्या जातीचा प्रोसेसर असलेला तळहाताएवढा संगणक, नाहीतर कचेरीतून निघालेला सहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा डेस्कटॉप पुरतो. त्याआधीचा घेतला तर कॅमेरे एच.२६४ वरच ठेवावे लागतील. १५ वॉटचे यंत्र वर्षाला सुमारे १३० युनिट वीज खाते, शंभर वॉटचे पावणेनऊशे. स्वस्तात मिळालेला जुना संगणक विजेच्या बिलात किंमत वसूल करतो. ओळखीचे काम कॅमेऱ्याच्या लहान चित्रप्रवाहावर चालवावे आणि साठवण मोठ्या प्रवाहाची करावी, म्हणजे यंत्रावरचा भार आणखी उतरतो. प्रोग्राम छोट्या एसएसडीवर आणि चित्रण वेगळ्या हार्ड डिस्कवर असावे. चार कॅमेरे दिवसाला १७३ गिगाबाइट म्हणजे वर्षाला ६३ टेराबाइट लिहितात. सीगेटच्या साध्या डेस्कटॉप डिस्कांच्या पत्रकात वर्षाला ५५ टेराबाइटांची मर्यादा दिलेली असते, पाळतीसाठीच्या डिस्कांच्या पत्रकात १८० ची. तेव्हा दुसऱ्या जातीचीच घ्यावी. चार टेराबाइटांत अशा चार कॅमेऱ्यांचे तेवीस दिवस मावतात, आणि एच.२६५ वापरले तर जवळजवळ दुप्पट.

उरलेले पैसे यूपीएसवर घालावेत, आणि त्यावर संगणकाबरोबर राउटर आणि कॅमेऱ्यांना वीज देणारा स्विचही असावा, कारण वीज जाते तेव्हाच राखण हवी असते. कारखान्याचे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत आणि कॅमेऱ्यांना इंटरनेटची वाट बंद ठेवावी. बाहेरून पाहायचे असेल तर व्हीपीएन वापरावे. सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळवावीत, नाहीतर खिडकीतला चोर दारातल्या चोराआधी दहा मिनिटे पळालेला दिसतो आणि वकिलाला तेवढे पुरते. आणि महिन्यातून एकदा, काहीही घडलेले नसताना, मागच्या आठवड्यातील कोणतीही एक रात्र उघडून ती खरोखर साठवली गेली आहे का, हे अवश्य पाहावे.